नंदानं सिनेटात सांगितलेली गोष्ट

नंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते. फोन तिच्या सोबतच्या केरळी नर्सचा होता. मोडक्यातोडक्या हिंदीत ती दोनदा म्हणाली, "दीदी, नंदा नहीं रही." तव्यावरची भाकरी करपली, सासूबाई आतून ओरडल्या, "काय जयून राह्यलं वं?" आणि खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. आधी राग आला. म्हटलं, वा गं बाई, गेलीस? मग आता मी भांडू कोणाशी? इतकी वर्षं एक भांडण मी पोटात धरून ठेवलं होतं, ती सुट्टीवर येईल तेव्हा ओट्यावर समोरासमोर बसून करायचं म्हणून राखून ठेवलं होतं... मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. नंदाबद्दल चांगलं लिहायला माझ्याकडे पुष्कळ आहे आणि ते मी लिहिणार आहे. पण तेवढंच लिहून थांबले तर तिनं जे केलं तेच मीही केल्यासारखं होईल.

नंदा माझी धाकटी जाऊ. वडनेर भोलजीची पोरगी, लग्न होऊन आमच्या उंद्रीत आली तेव्हा नर्सिंग शिकलेली होती. हसायला लागली की शेजारच्या घरातलं माणूस विचारायचं, काय झालं म्हणून. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना इंजेक्शन देता देता त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकून घ्यायची आणि मग त्याच सुनांच्या घरी जाऊन चहा प्यायची. माझं बी.एड. राहून गेलं होतं. लग्नानंतर दहा वर्षांनी मी ते पुन्हा काढलं तेव्हा घरात कोणाला पटलं नाही. नंदानं पदर खोचला आणि सासूबाईंना म्हणाली, "मामी, दोन वर्सं सैपाक माह्याकडं. ताईले शिकू द्या." दोन वर्षं खरंच मला चुलीपुढं उभं राहू दिलं नाही तिनं. आज मी शाळेत इंग्रजी शिकवते ती तिच्यामुळे. आणि त्याच इंग्रजीनं पुढं माझा घात केला, हेही तिच्यामुळेच.

दीर मोटारसायकलच्या अपघातात गेले तेव्हा त्यांचा सोहम चालायला शिकत होता. नंदा वर्षभर घुम्यासारखी राहिली, मग एका एजन्सीतर्फे आयर्लंडला गेली, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात काळजी घ्यायच्या कामावर. तिथल्या त्या कामाच्या परवान्यावर पोराला सोबत नेता येत नव्हतं. सोहम माझ्याकडे, त्याच्या मोठ्या मायकडे राहिला. माझ्या दोन्ही मुली तोवर बुलढाण्याला होस्टेलवर गेल्या होत्या, हात मोकळे होते... मोकळे कसले, त्यानं लगेच भरून टाकले. त्याला माझ्या डाव्या हातावरच झोप यायची. उजवा दिला की किरकिर. नंदा रोज जेवणं झाल्यावर व्हिडिओ कॉल करायची, तिच्या दुपारच्या सुट्टीत. तोवर तो झोपलेला असायचा. बोलायला पोरगं जागं नाही, तरी ती नुसती बघत बसायची, आणि मी अवघडून हात हलवला की घाईनं म्हणायची, "ताई, हात काढू नोका ना, उठंल तो."

तो पाच वर्षांचा झाला तेव्हा एक दिवस तिचा फोन आला. तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटात, त्यांच्यासारख्या कामगारांच्या मुलांबद्दल चर्चा होती. एका सिनेटरबाईंनी नंदाची हकीकत ऐकून घेतली होती, त्या ती सभागृहात मांडणार होत्या. नंदा स्वतः गॅलरीत बसणार होती, लग्नातली जांभळी साडी नेसून. "मोबाईलवर दिसते, लावजा," म्हणाली. झालं! संध्याकाळी आमच्या बैठकीत अर्धी गल्ली जमली. मोबाईल गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवला. मी भाषांतर सांगणार, कारण इंग्रजी येणारी मीच. सोहम खेळून दमलेला, माझ्या हातावर झोपून गेला होता. पडद्यावर एक लहानशी देखणी खोली, उंच नक्षीचं छत, आणि बाकांवर जेमतेम पंधरावीस माणसं. सासूबाई म्हणाल्या, "इतकुशा लोकायची संसद? आपल्या ग्रामसभेले याहून जास्त रायतात." प्रत्येक जण उठायचा, आधी मंत्र्यांचे आभार मानायचा, मग आधीच्यानं सांगितलेलंच पुन्हा सांगायचा. शेजारचे बापूराव म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखंच हाय हो." सभापतींनी गॅलरीतल्या पाहुण्यांचं स्वागत केलं तेव्हा सासूबाईंनी मोबाईललाच हात जोडले.

मग त्या सिनेटरबाई उठल्या. फार चांगलं बोलल्या, आवाज कापत होता त्यांचा. म्हणाल्या, आपल्या आईवडिलांना भरवणारी, पुसणारी ही बाई आज इथं बसली आहे, आणि हिचं स्वतःचं पोर भारतातल्या एका खेड्यात आहे. त्याला वडील नाहीत. त्याला सांभाळायला कोणी नाही. कधी या घरी, कधी त्या घरी असं ते फिरतं. रात्री एकटं झोपतं.

माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला होता. सोहमची लाळ कोपरापर्यंत आली होती. सासूबाईंनी मला ढोसलं, "काय म्हणते वं थे? सांग ना." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "म्हणतात, पोराला वडील नाहीत, पण मोठ्या मायजवळ ते सुखात आहे. तिनं पोटच्यासारखं सांभाळलं, असं नंदा सांगते." बायकांनी डोळ्याला पदर लावले. नंदाची अब्रू मी अशी झाकली. गावात तिला कोणी खोटारडी म्हणू नये, एवढंच त्या घटकेला सुचलं. पुढचं तर विचारूच नका. पुढच्या ग्रामसभेत सरपंचांनी मला शाल-नारळ दिला! परदेशाच्या संसदेत उंद्रीच्या बाईचं कौतुक झालं म्हणून. टाळ्या वाजल्या. मी शाल खांद्यावर घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, नंदे, भेट तू मला एकदा.

तसं त्या चर्चेच्या दुसऱ्या दिवशीच मी तिला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "ताई, जावेजवळ सुखात हाय असं सांगतलं असतं त कोन उभं राह्यलं असतं माह्यासाठी? सुखातल्या पोराले कोन बोलावते?" मी म्हटलं, तो शब्द मागं घ्यायला सांग त्यांना. तर म्हणे, "मागं घेतला तरी पुसत नाहीत थे. नोंद रायतेच." मी म्हटलं, तुला पोरगं हवं होतं, मी अडवलं असतं का? तीन वर्षांत एकदा तरी तुला वाटलं का, की मी अडवीन? त्यावर ती रडायला लागली, आणि तिचं रडणं ऐकून माझं भांडण नेहमीसारखं घशातच राहिलं. रागावलेल्या माणसानं रडणाऱ्याशी कसं भांडावं, तुम्हीच सांगा.

वर्षभरानं परवानगी मिळाली. ती येऊन सोहमला घेऊन गेली. गाडीत सामान ठेवताना मी म्हणाले, "डाव्या हातावर घे त्याला. उजव्यावर झोपत नाही." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मालूम हाय मले. रोज पाहत होती ना मी." हे एक वाक्य मला त्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त लागलं. माहीत नसून बोलली असती तर मी केव्हाच माफ केलं असतं. पण तिला माहीत होतं. पुढं फोन कमी होत गेले, सोहमची मराठी गेली. आपलं दुखणंही नंदानं आम्हाला पुरतं कळू दिलं नाही. तिथंही अर्धंच सांगितलं बाईनं.

गेल्या महिन्यात ती केरळी नर्स अस्थी घेऊन आली, सोबत सोहम. तेरा वर्षांचा, माझ्याहून उंच. तिकडं त्या नर्सच्या घरी राहायचं की आमच्याकडे यायचं, हे त्याच्यावर सोडलं होतं. दोन दिवस तो ओट्यावर पाहुण्यासारखा बूट घालून बसायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं मला फार नम्रपणे, इंग्रजीत विचारलं, "मी लहानपणी कोणकोणत्या घरी राहायचो? मला ती घरं बघायची आहेत." शाळेच्या प्रकल्पासाठी त्यानं सिनेटची ती चर्चा शोधून वाचली होती. आईला विचारलं तर ती म्हणाली होती, बरोबर आहे ते... मी काय सांगणार होते? आई जाऊन पंधरा दिवस झालेल्या पोराला सांगू, की तुझी आई खोटं बोलली? आणि नाही सांगितलं तर हे पोर जन्मभर समजणार, की उंद्रीत मला कोणीच नव्हतं. मी म्हणाले, "चल, जेवून घे आधी."

पानं नंदाच्या खोलीत मांडली होती, तिथं तो जेवायला आला. त्या खोलीत एक फोटो आहे. नंदानंच तिच्या मोबाईलवरून धाडलेला, सासूबाईंनी चिखलीहून फ्रेम करून आणलेला. लहान सोहम झोपलेला, आणि त्याच्या डोक्याखाली एक हात. फक्त हात, हिरव्या बांगड्यांचा, कोपराजवळ तव्याचा डाग असलेला. तो फोटोजवळ गेला. मग आजीकडे वळून, बोटानं दाखवत, इंग्रजीत म्हणाला, "हा कोणाचा हात?" सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण बोट कळलं. म्हणाल्या, "तुह्या मोठ्या मायचा होय थो! दुसऱ्या कोनाचा रायते बे? रोज त्याच्यावरच निजे तू." त्याला ते समजलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, सासूबाई पण. पुन्हा मीच दुभाषी. या वेळी मात्र मी एक शब्द बदलला नाही. माझा हात, म्हणाले. तू रोज यावरच झोपायचास.

त्यानं माझं मनगट धरलं, बाही वर केली, डाग पाहिला. मग पुन्हा फोटोजवळ गेला, अगदी नाक टेकेपर्यंत. व्हिडिओ कॉलचा फोटो तो, वरच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट आहे. आम्ही कधी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. तिकडच्या पोरांसारखा तो आईला मॅम म्हणतो. म्हणाला, "ही मॅम आहे."

"हो."

"ती आपल्याकडे बघतेय."

"हो."

"रोज?"

"रोज," मी म्हणाले.