सहीवरचं कुंकू

आमचा संसार तारला तो कादंबऱ्यांनी, आणि आम्हा दोघांना अक्षर वाचता येत नाही.

कोकणातून बोटीनं मॉरिशसला आलो, करारावर ऊस तोडायला लागलो, आणि दोन-तीन वर्षांतच ह्यांची छाती धरली. धाप लागून बांधावर बसायचे. मग मळ्याच्या फ्रेंच साहेबानं त्यांना बंगल्यातली पुस्तकं झाडायला ठेवलं. पांपलमूसजवळचा तो बंगला, त्यातली एक अख्खी खोली कादंबऱ्यांची. साहेबाला वेडच होतं! पॅरिसहून पेट्या यायच्या. आत चित्रांची पुस्तकं, प्रत्येक चित्रावर पातळ कागदाचा पदर. वाचायचा कमी, नुसता हात फिरवत बसायचा.

"बायकोला तरी एवढं जपत असेल का हो?" मी विचारायची. हे हसायचे, आणि चित्रात कोण बाई घोड्यावर बसलीय, कोण म्हातारा पडद्याआड लपलाय, ते रंगवून सांगायचे. खोकला थांबला. अंगावर मांस चढलं. मी त्या पुस्तकांना मनातल्या मनात रोज हात जोडायची.

त्यात एक साहेबाचं सगळ्यांत लाडकं. लिहिणाऱ्यानं स्वतः शाईनं त्यावर सही केलेली. त्याचं कपाट वेगळं, आणि किल्ली ह्यांच्याकडे.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही पोटाला देणाऱ्या हत्याराची पूजा करतो. मळ्यातल्यांनी कोयते, कुदळी धुवून मांडल्या. ह्यांचं हत्यार कुठलं? पिसांचा झाडू? शोभलं असतं का ते! ह्यांनी ते लाडकं पुस्तक काढलं, पान उघडलं, सहीवर हळदकुंकवाची ओली बोटं टेकवली, वर झेंडू ठेवला. सहीवरच का? तर म्हणे, करणाऱ्याचा हात तिथंच लागलाय.

साहेबानं पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मटकन खुर्चीत बसला आणि किल्ली मागून घेतली.

"डोकं ठिकाणावर होतं का तुमचं?" घरी मी फाडफाड बोलले. पुढल्या सालच्या दिवाळीला करार संपणार होता. पुन्हा उसात धाडलं तर हा माणूस वर्ष काढणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

वर्षभर जीव टांगणीला. हे बाकीची पुस्तकं झाडायचे आणि त्या कपाटापुढून मान खाली घालून जायचे. साहेब कराराबद्दल चकार शब्द बोलेना.

पुन्हा नवमी आली. मी शेजारणीचा कोयता आणून पाटावर ठेवला. "ह्याची पूजा करा आणि गप बसा." केली बिचाऱ्यांनी. तेवढ्यात बंगल्यावरनं बोलावणं! मीही मागोमाग गेले, दारात उभी राहिले.

टेबलावर पांढरं फडकं, त्यावर ते पुस्तक, सहीचं पान उघडं. गेल्या साली उमटलेली बोटं तशीच, तांबडी-पिवळी. शेजारी साहेबाच्या बागेतला झेंडू आणि हळदकुंकवाच्या दोन वाट्या. साहेबानं किल्ली ह्यांच्या पुढ्यात सरकवली आणि आम्हाला कळावं म्हणून इथल्या क्रिओल बोलीत कुरकुरला, "ह्या खेपेला कोरडं लाव. आणि त्याच पानावर. दुसरं खराब करू नकोस."

ह्यांनी वाटी अशी घाईनं उचलली की निम्मं कुंकू साहेबाच्या पांढऱ्या बाहीवर सांडलं. मला रडता रडता हसू फुटलं. साहेबानं बाहीकडे पाहिलं, पण झटकलं नाही.