आल्याला डोळे असतात

सोनगीरचे हिलाल नाना धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं शिपाई होते. आलं, रताळं, बटाटा टेबलावर मांडता मांडता बराच विषय त्यांना येऊ लागला होता.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत कामिनी नावाच्या मुलीने आलं हे खोड आहे असं लिहिलं. नव्या मॅडमनी त्यावर काट मारून 'मूळ' लिहिलं. नानांना राहवलं नाही.

"मॅडम, आल्याला पेरं आहेत, पेरावर डोळे आहेत. ते जमिनीतलं खोड. रताळ्याला पेरं नसतात, ते मूळ."

मुली हसल्या. मॅडम लालबुंद झाल्या.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी नानांपुढे एक तक्रार अर्ज ठेवला. नाना परीक्षेत उत्तरं फोडतात, असं त्यात होतं. खाली कामिनीची सही होती.

नानांनी तिला जिन्यात गाठलं. "पोरी, मी तर तुनीच बाजू लिधी व्हती ना?"

"नाना, माले पास व्हनं व्हतं," ती खाली बघत म्हणाली.

नानांना पार्किंगवर टाकलं. आता दिवसभर ते उन्हात मुलांच्या गाड्या सरळ लावतात. कामिनी तिची स्कूटी बाहेर रस्त्यावरच उभी करते.