उभ्या गाईची भीती

जनावरांची डॉक्टर म्हणून सोनईजवळ माझी पहिलीच नेमणूक होती. एका दुपारी फोन आला. काटेरी तारेत अडकून एका गाईची दुधाची शीर फाटली होती. कासेपासून पोटाखालून जाणारी ही शीर बोटाएवढी जाड असते. मी पोचले तेव्हा गोठ्यातल्या मातीचा रक्तानं चिखल झाला होता. गाईच्या मालकीणबाई, साठीतल्या मावशी, जुन्या लुगड्याची घडी जखमेवर दाबून बसल्या होत्या.

मी टाके घातले. रक्त थांबलं. गाय उभीच होती, अगदी शांत.

"थांबलं न्हवं? मग आता काय भ्या न्हाई," मावशी म्हणाल्या.

माझी भीती तिथूनच सुरू झाली. गाईचे कान गार होते, हिरड्या पांढऱ्या, आणि हृदय नुसतं पळत होतं. रक्त फार गेलं की शरीर ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं भराभर सोडतं. कातडीकडच्या, आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि उरलेलं रक्त हृदयाला, मेंदूला पुरवलं जातं. दुसरं एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं. गाय त्याच जोरावर उभी होती. हा जोर कधी सरेल, ते मला सांगता येत नव्हतं.

सलाईन लावलं, तरी हृदयाची गती उतरेना. शेवटी मी म्हणाले, "मावशी, तुमच्या दुसऱ्या गाईचं रक्त हिला द्यावं लागेल."

मावशींनी दुसऱ्या गाईच्या पाठीवर हात ठेवला. "एकीपायी दुसरीबी गेली तर?"

"ती धडधाकट आहे. तिला झेपेल तेवढंच घेईन."

हे मी आजवर एकटीनं कधीच केलं नव्हतं. ते मात्र त्यांना सांगितलं नाही. त्यांनी दुसऱ्या गाईचं दावं स्वतः धरलं. रक्त थेंबथेंब चढत असताना मी जखमी गाईच्या कातडीवर हात ठेवून होते. परकं रक्त मानवलं नाही आणि थरथर सुटली, तर लगेच बंद करायचं होतं.

मधेच तिचं वासरू हंबरलं. मावशींनी सवयीनं सडाला हात लावला, पण धार येईना. "आटली का वं बाई?"

"नाही, मावशी. घाबरलेलं शरीर पान्हा अडवतं. आता तिला मुतू द्या. मुतली, म्हणजे मूत्रपिंडांना रक्त पोचलं."

मग आम्ही दोघी शेपटीकडे बघत बसलो. चहा आला, गार झाला. दिवस कलला, गाईनं पाठ वाकवली आणि ती मुतली. मावशींनी तोंडावर पदर धरला आणि रडता रडता हसल्या. मी विहिरीकडे गेले आणि हात धुण्याच्या निमित्तानं बराच वेळ तिथेच उभी राहिले.

त्या वेतात गाईनं पहिल्याएवढं दूध काही दिलं नाही. पण त्या दुपारनंतर आठवड्याभरातच मावशींचा फोन आला. "लई माजलीया. सकाळी मलाच ढुशी दिली."