मेलेल्यांत न सापडलेले आजोबा

आमच्या कोकणातल्या घरात आजोबांचा फोटो आहे, हारासकट. ते आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायचे. बोट बुडाली, कप्तानाला वाचवता वाचवता आजोबा गेले, असं सगळी वाडी सांगते. बोट बुडताना वाडीतलं कुणीच तिथं नव्हतं, पण एवढ्यातेवढ्यावरून कुणी गोष्ट सोडतं का? यंदा वडील अंथरुणाला खिळले आणि फोनवर म्हणाले, "बाप बुडला का आमाला टाकून गेला, येवडं बघ. मग मी सुटलो."

मी सातवीत शाळा सोडलेला. आंब्याच्या ट्रकबरोबर मराठवाड्यात वसमतला आलो तो राहिलोच, परत घरी फिरकलो नाही. मालकांनी त्यांच्या हळदीच्या आडतीवर काम दिलं, खोली दिली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. दुपारी आडतीतला कॉम्प्युटरही तेच उघडून देत. विलायतेच्या कुठल्याशा साइटवर जुन्या खलाशांचे कागद टाकलेत. ती आधी जन्मतारीख विचारते. आजोबांची जन्मतारीख खुद्द आजोबांना ठाऊक नव्हती. बोटीचं नाव मात्र अख्ख्या वाडीला पाठ, म्हणून मी बुडालेल्या बोटींच्या याद्या उपसत बसलो. आमची बोट एकाही यादीत नाही. वाटलं, मलाच वाचता येत नसेल.

हळकुंड मोडून बघत मालक म्हणाले, "समिंदर वसमतात हुडकून राहिला व्हय? अन् मेलेल्यातच काहून? जित्यायची यादी न्हाई का त्येच्यात?"

हार घातलेला माणूस जित्यांत बघावा, हे आमच्या घरात कुणाला सुचणार!

बघितलं. सुखरूप पोचलेल्या बोटींच्या यादीत आमची बोट होती, धडधाकट मुंबईला लागलेली. आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, गाव, सगळं बराबर. वर्तणूक चांगली. पगार घेऊन उतरले. पुढे काही नाही. खाली साइट विचारत होती, हवं ते मिळालं का? तारे द्या.

"दे की पाच," मालक म्हणाले. "मुंबईहून तुमचं गाव किती लांब?"

"एका रात्रीची बोट."

त्यांनी मोडलेलं हळकुंड पोत्यात टाकलं.

कागद जळाले, असं सांगायचं ठरवून फोन लावला. वडिलांचा खोकला ऐकला आणि खरं तेच बोलून गेलो.

"म्हंजे उतरले," वडील म्हणाले.

"होय."

"आन् घराकडं आले नाय." मग आईला हाक मारली, "अगो, तो हार काढ फोटोवरचा." आणि मला, "आन् तू? तू कवा येतंस?"

मी मालकांकडे बघितलं. ते सगळं ऐकत होते.

"जा," ते म्हणाले. "हळद काय पळून जात न्हाई. ती सवय तुमच्या घरची."