इंग्रजीतून पाठ फिरवताना

ह्यांना मस्कतला नोकरी लागली आणि मी खाडीकाठच्या घरात इंग्रजीतून बाजार करायला शिकू लागले. जाऊबाई दुकानदार, मी गिऱ्हाईक. तिने पाटावर वांगी मांडली. "टू मच!" म्हणत मी रीतीप्रमाणे पाठ फिरवून निघाले. आता तिने हाक मारून भाव उतरवायचा. पण हाक येईचना! मीही हट्टी, थेट मिठागरापर्यंत गेले. वळून बघते तर बाई ओच्यात वांगी घेऊन मागे धावतेय, इंग्रजी आठवेना म्हणून नुसतेच हातवारे करतेय. बांधावर बसून दोघी पोट धरधरून हसलो.

मस्कतच्या पहिल्याच दुकानात मी तशीच "टू मच" म्हणून ताठ निघाले. मागून दुकानदार ओरडला, "ओ वैनी, या परत! अशी पाठ फक्त आमच्या कोकणात फिरवतात."