व्हिनेगरमधला शिंपला

कांद्यावर व्हिनेगर ओतलं आणि त्या वासासरशी नवीन पनवेलची आमची नव्वदच्या दशकातली खोली आठवली. माझी रूममेट मंदा उरणकडच्या मिठागरवाल्यांची. घरची विहीर खणताना निघालेला हजारो वर्षांपूर्वीचा शिंपला तिने चिखलासकट आणला होता. शिंपल्यातल्या रसायनांवरून तेव्हाचा समुद्र किती उबदार होता ते कळणार होतं. कॉलेजात आमचे भूगर्भशास्त्राचे सर दिवसभर तिचंच कौतुक करत राहिले.

रविवारी ती गावी गेली. मी शिंपला व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. रात्रभर बुडबुडे येत होते.

"चिखल काढला गं तुझ्यासाठी," ती आल्यावर मी म्हणाले.

पापडासारखा पातळ झालेला शिंपला तिने तळहातावर घेतला. "जाऊ दे गं, तुला माहीत नाय ना."

माहीत होतं. आम्ल लावू नये, हे मी तिच्याच वहीतून उतरवून घेतलं होतं.