शॉकप, सासरे आणि पातेलंभर ताक

आमच्या गाडीत बसून कुणी एक वाक्य सलग पूर्ण केल्याचं मला आठवत नाही. दोन शब्द झाले की खड्डा यायचा आणि तिसऱ्या शब्दाला बोलणाऱ्याचं डोकं टपाला लागायचं. माझं म्हणणं, दोष रस्त्याचा. बायकोचं, म्हणजे संगीताचं म्हणणं, दोष गाडीचा. (दोष चालवणाऱ्याचा, असं तिला म्हणायचं होतं, पण तेवढ्यात खड्डा आला.)

हा वाद आमच्यात सुखानं चालला होता. मग वरवंडला माझ्या सासऱ्यांच्या (मी त्यांना मामा म्हणतो, संगीता आबा) मणक्याचं दुखणं वाढलं आणि दौंडला ऑपरेशन झालं. विश्रांतीला त्यांना लेकीकडं, शिरूरला आणायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "खुशाल न्या. फक्त धक्का बसता कामा नये." संगीतानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"शॉकप बदलून घ्या," घरी आल्याआल्या ती म्हणाली. शॉकप म्हणजे चाकांपाशी बसून आपल्या वाटचे धक्के खाणारी नळकांडी. आमच्या गाडीतल्या नळकांड्यांनी धक्के खाणं कधीच सोडलं होतं. ते आता आम्ही खात होतो.

"अगं, मऊ गाडी वळणावर झोकांड्या खाते. कडक गाडी कशी रस्ता धरून चालते!" मी म्हणालो. (हे मी कुठंतरी ऐकलं होतं. कुठं ते विचारू नका.)

"मग शेजारच्या पाटलांची गाडी मागते. आबांना तिच्यातून आणू."

हे वर्मी लागलं. पाटलांच्या गाडीतून माझे सासरे माझ्या दारात उतरणार! मी गाडी तडक रफिकभाईंच्या गॅरेजला नेली, ती निर्दोष असल्याचं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला. रफिकभाईंनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवून दाबलं आणि सोडलं. गाडी खालीवर, खालीवर मान हलवत राहिली.

"बघा, म्या इचारायच्या आधीच व्हय म्हणतीय," रफिकभाई म्हणाले.

"बदलायलाच पाहिजेत का पण?"

"म्या कशाला सांगू? तुमच्या सासऱ्यांस्नी इचारा. आणून झाल्यावर."

तरी मी हटलो नाही. शेवटी संगीतानंच तोडगा काढला. तिनं पातेलंभर ताक घेतलं आणि मागच्या सीटवर, जिथं मामा बसणार होते तिथंच, मांडीवर पातेलं धरून बसली. "न्हावऱ्यापर्यंत चला. ताक सांडलं न्हाई, तर पुन्हा शॉकपचं नाव काढणार न्हाई."

मी गाडी काढली. एवढी हळू गाडी मी शिकतानाही चालवली नव्हती! मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला आणि आम्हाला ओलांडून गेला. (तो चढ होता. ट्रॉल्या भरलेल्या होत्या.) मग सायकलवरचा एक म्हातारा गाडीला समांतर आला.

"ढकलू का पाव्हणं?" त्यानं काचेतून विचारलं.

"नको नको, चाललीय!"

"कुठं?" असं म्हणून तोही पुढं गेला.

पण ताक जागच्या जागी होतं! न्हावऱ्याची घरं दिसायला लागली आणि माझी छाती फुगली. "बघितलंस? गाडी न्हाई, पालखी हाय ही!" हे वाक्य नीट पोचावं म्हणून मी मान मागं वळवली. त्याच वेळी संगीता ओरडली, "अवो, पुढं बघा!"

पुढं बिनरंगाचा गतिरोधक होता. मी करकचून ब्रेक दाबला. गाडीनं आधी नाक टेकलं, मग उसळी मारली, आणि अख्खं पातेलं माझ्या डोक्यावर रिकामं झालं. समोरची काच पांढरीफटक! मी घाबरून वायपर चालू केला. काच काही केल्या साफ होईना. (ताक आतून होतं.)

टपरीवरची माणसं धावत आली. "काय झालं, काय झालं?"

"काय न्हाई," संगीता शांतपणे म्हणाली, "शॉकप बदलायचं ठरलं."

बदलले. मामांना आणायला गेलो, तर चौफुल्याला वळायच्या आतच ते घोरायला लागले. दारात उतरल्यावर म्हणाले, "जावईबापू, लई झाक गाडी! नवी घेतली व्हय?"

"न्हाई मामा, जुनीच. तुमच्यासाठी म्हणून शॉकप तेवढे बदलले. मला पहिल्यापासून वाटतच होतं." संगीता नुसती खोकली.

महिनाभरात मामा ठणठणीत झाले आणि डॉक्टरांनी त्यांना फिरायची परवानगी दिली. मग सुरू झालं! आज वढूला दर्शन, उद्या पाबळला मेव्हण्याकडं, परवा कुणाचा साखरपुडा. "तुमच्या गाडीत बसलं का बरं वाटतं बगा," म्हणत ते लोडाला टेकून बसायचे आणि मी दिवसदिवस स्टिअरिंगला चिकटलेला. एका सकाळी मी चहाचा कप उचलायला वाकलो, तो वाकलेलाच राहिलो.

मला दौंडला, मामांच्याच डॉक्टरांकडं न्यायचं ठरलं. संगीता चालवायला बसली. (तिला गाडी उत्तम येते. मी देत नव्हतो एवढंच.) मामा तिच्या शेजारी ताठ बसले आणि मला मागं आडवं घातलं. स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर माझी ही पहिलीच वेळ.

"कसं वाटतंय जावईबापू?" मामांनी वळून विचारलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! मी कण्हत म्हणालो, "मामा, शॉकप अजून जरा मऊ पाहिजे होते."